खर्जाला धनी एकच

लेकरांनो, बेस आणि कीबोर्ड एकमेकांच्या अंगावर वाजायला लागले की सगळ्यात आधी गायकाचे शब्द जातात. ढोलकी ऐकू येत राहते, ऑक्टापॅड ऐकू येत राहतो, पण शब्द जातात. खालचा जाड आवाज वरच्या आवाजाला झाकतो, हा कानाचाच स्वभाव आहे. वरचा आवाज खालच्याला तेवढा झाकत नाही. आणि आपल्या बीड जिल्ह्यात माणसं कार्यक्रमाला येतात ती शब्द ऐकायला. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीला वामनदादा कर्डकांचं गीत सुरू झालं की मैदानाच्या कडेला बसलेल्या म्हातारीलाही एकेक शब्द कळला पाहिजे. अंबाजोगाईला योगेश्वरीच्या नवरात्रात देवीचं गाणं असो, परळीला महाशिवरात्रीचं भक्तिगीत असो, माजलगावात गणपतीपुढचा ऑर्केस्ट्रा असो, शब्द पोचला तर कार्यक्रम पोचला.

माझा कानमंत्र एवढाच: खर्जाला धनी एकच. एका वेळी खालच्या सप्तकात एकानंच राहायचं, आणि ते कोणी, हे गाण्यागणिक आधी ठरवायचं. सामाईक विहिरीवर दोन भावांनी एकाच वेळी मोटारी सुरू केल्या तर दोघांच्याही पाइपातून हवाच येते. म्हणून पाळी लावतात. खर्जाचंही तसंच आहे. आता ही पाळी कशी लावायची, ते एकेक करून सांगतो. वाजवता वाजवता आठवेल असंच सांगतो.

भांडण कुठून येतं ते आधी ओळखा

आपल्याकडच्या पार्ट्यांमध्ये बेस गिटार उशिरा आली. बँडबाजाच्या गाडीवर कीबोर्डच असतो. बेंजो पार्टीतही बेंजोच्या जोडीला कीबोर्डच असतो. छोट्या सुपारीला बेसवाल्याचं पाकीट परवडत नाही, म्हणून कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस धरतो आणि उजव्या हातानं बासरी, सनई, व्हायोलिन सगळं काढतो. असा एकट्यानं तंबू उभा करणारा वादक कष्टाळू असतो, त्याचा मान ठेवा. पण मोठ्या कार्यक्रमाला बेस गिटारवाला शेजारी येऊन उभा राहतो, तेव्हाही या वादकाचा डावा हात जुन्या सवयीनं खालीच जातो. दोघंही इमानदारीनं आपापलं काम करत असतात आणि खालच्या सप्तकात मात्र गाळ साचतो.

म्हणून पहिला नियम कीबोर्डवाल्याला: बेसवाला आला की तुझा डावा हात मोकळा झाला असं समज. ती तुझी जागा गेली असं मनात आणू नको. आणि बेसवाल्याला: तू येण्याआधी हे घर त्यानं एकट्यानं सांभाळलेलं आहे. पहिल्याच दिवशी "तू डावा हात उचल" असं सगळ्यांसमोर सुनावू नको. तालमीला चहा घेताना, दोघंच असताना बोला.

आकडे एकदाच पाठ करा

चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनं होतात. तिच्या पुढच्या तारा ५५, ७३ आणि ९८. वीस पडद्यांच्या बेसवर बारीक तारेचा शेवटचा पडदा साधारण ३११ पर्यंत जातो. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डची डावीकडची पहिली पट्टी, म्हणजे पहिली पांढरी एक, ६५ हर्ट्झची. तिथून ३११ पर्यंत दोघांचा इलाखा एकच, म्हणजे दोन सप्तकांहूनही जास्त. पुरुष गायकाचा आवाज ह्याच पट्ट्यात चालतो.

आता खाली गाळ का होतो ते पाहा. बेसनं ६५ ची पांढरी एक धरली आणि कीबोर्डनं तिच्या शेजारची पांढरी तीन, ८२ ची, डाव्या हातात धरली. दोन सुरांत फरक १७ कंपनांचा. एवढ्या जवळच्या कंपनांना कान वेगळं करू शकत नाही, त्याला नुसती घरघर ऐकू येते. हेच दोन सूर दोन सप्तकं वर घ्या: २६२ आणि ३३०. फरक ६८ चा, आणि जोडी अशी गोड लागते की वाटतं हेच का ते सूर. सूर तेच होते, फक्त जागा चुकली होती.

यावरून कीबोर्डवाल्यानं एवढंच लक्षात ठेवावं: ६१ पट्ट्यांवर डावीकडून दुसरी पांढरी एक, म्हणजे १३१ हर्ट्झची, ही तुझी वेस. बेस वाजत असताना त्या वेशीखाली जायचं नाही. गेलास तर एकच सूर धर, नाही तर त्याचं सप्तक धर. गंधार मात्र त्या जागी कधी ठेवायचा नाही. ८८ पट्ट्यांच्या पियानोवर बसलास तर आधी मधली पांढरी एक शोध आणि तिच्या एक सप्तक खाली वेस मान. ऑक्टेव्हचं बटण खाली सरकवलेलं नाही ना, हेही प्रत्येक गाण्याआधी बघून घे.

स्टाईलमधला बेस बंद करा

हा कानमंत्र सगळ्यात जास्त कामाला येतो. आपल्याकडचे बहुतेक कीबोर्ड तयार स्टाईलचे असतात. डाव्या हातानं कॉर्ड धरली की ठेका, बेस, गिटार, स्ट्रिंग्ज सगळं आपोआप वाजतं. त्यात बसलेला बेस तुमच्या बेसवाल्याला विचारून वाजत नाही. बेसवाला पंचमावर गेला आणि यंत्र षड्जावरच राहिलं, की श्रोत्याला वाटतं बेसवालाच चुकला.

मोठ्या कीबोर्डवर स्टाईलचे भाग वेगवेगळे बंद करता येतात. त्यातला 'बेस' बंद करा, आणि ते सेटिंग गाण्याच्या नावानं रजिस्ट्रेशनमध्ये साठवून ठेवा, म्हणजे स्टेजवर शोधाशोध नको. साध्या यामाहावर एसीएमपीचं बटण बंद ठेवलं की नुसता ठेका वाजतो; तेवढ्यावर भागवा. ठेक्यातला किक फार जाड असेल तर स्टाईलचा आवाज एकूणच कमी करा, कारण ऑक्टापॅडवाल्याचाही किक तिथेच आहे. खर्ज मागणारे दोघंच नसतात हे विसरू नका. ऑक्टापॅडचा किक, ढोलकीची धूम आणि तबल्याचा डग्गा हेही तिथलेच वाटेकरी आहेत.

कॉर्डमधला सा सोडून द्या

बेसवाला सा देतोय ना? मग कीबोर्डवाल्यानं तोच सा पुन्हा कशाला द्यायचा? मेजर कॉर्ड असेल तर उजव्या हातात गंधार आणि पंचम धर. सातवा सूर लागत असेल तर गंधार आणि निषाद धर. दोन बोटांत कॉर्डची ओळख पटते आणि गायकाला श्वास घ्यायला जागा राहते. पॅड, म्हणजे लांबट पसरणारा आवाज, वापरताना तर तीनपेक्षा जास्त सूर धरूच नका. पॅड कानाला मऊ लागतो, म्हणून तो किती जागा खातो हे वाजवणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

बेसवाल्या, आता तुझी जबाबदारी ऐक. कीबोर्डवर पांढरी एक, तीन आणि पाच धरलेली आहे. तू खाली पांढरी एक दिलीस तर ती सरळ मेजर कॉर्ड. तू पांढरी सहा दिलीस तर त्याच तीन सुरांची मायनर झाली, गाण्याचा चेहरा उतरला. तुझ्या एका बोटात एवढी ताकद आहे. म्हणून आयत्या वेळी मनात आलं म्हणून सूर बदलायचा नाही. बदलायचाच असेल तर तालमीत दाखव, जोडीदाराला पटू दे, मग मंचावर घे.

पट्टी ठरली की तारा बघा

आपल्याकडे गायक पट्टी सांगतो ती काळी दोन, पांढरी चार, काळी पाच अशी. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो आणि आपल्या सरावाच्या बोटांनीच वाजवतो. बेसला ते बटण नाही. त्यामुळे कीबोर्डवाल्यानं बेसवाल्याला आपल्या बोटांखालची पट्टी कधी सांगायची नाही. कानाला ऐकू येणारी खरी पट्टीच सांगायची. "मी पांढरी एकमधून वाजवतोय" या एका वाक्यानं पहिली ओळ फुकट जाते.

बेसवाल्यानं पट्टीप्रमाणे आपला खर्ज कुठे बसतो ते आधी पाहावं. पांढरी तीन असेल तर तुझी सगळ्यात जाड तार मोकळी वाजते, ४१ चा भरीव सा मिळतो. काळी दोन असेल तर तो खालचा सा तुझ्या बेसवर नाहीच, जाड तारेच्याही अर्धा सूर खाली जातो. मग सा घ्यायचा जाडीकडून दुसऱ्या तारेच्या सहाव्या पडद्यावर, ७८ हर्ट्झला. आता तू जवळजवळ सप्तकभर वर आलास, कीबोर्डच्या वेशीच्या जवळ आलास. अशा पट्टीत कीबोर्डवाल्यानं आपण होऊन आणखी थोडं वर सरकावं. एकाच गाण्याची पट्टी गायक बदलला की बदलते आणि दोघांची वाटणीही तिच्याबरोबर बदलते. पुरुषाच्या पट्टीत बसवलेली वाटणी बाईच्या पट्टीत जशीच्या तशी चालत नाही. ती पुन्हा बसवावी लागते.

सूर मिळवताना बेसनं कीबोर्डला मिळवायचं, कारण कीबोर्ड उन्हानं उतरत नाही. एप्रिलच्या दुपारी चारला गेवराईच्या मैदानात मिळवलेली बेस रात्री आठला तशीच राहत नाही. तापल्यावर तार सैल पडते आणि सूर उतरतो, गार झाली की चढतो. कार्यक्रम सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी पुन्हा मिळवा. सोबत पेटी किंवा बासरी असेल तर उलटं करा: त्यांचा सूर बदलता येत नाही, म्हणून कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग त्यांच्याजवळ न्या आणि मग बेस मिळवा.

रागाचं गाणं आलं की कॉर्ड बाजूला

बेसवाल्याचं बोट सवयीनं सा आणि प, सा आणि प असं फिरतं. शंभरातली बरीच गाणी त्यावर निघून जातात. पण मालकंसातलं गाणं आलं आणि तू पंचम दिलास, की राग तिथेच मोडला. मालकंसात रिषभ नाही आणि पंचमही नाही. तिथे सा आणि म धर. कीबोर्डवाल्यानंही ध्यान ठेवावं: डाव्या हातानं मायनर कॉर्ड धरली की तिच्यात पंचम आपोआप येतो, मग बेसवाल्यानं टाळलेला सूर वरून टपकतो. अशा गाण्यात कॉर्ड सोडून द्या. कीबोर्डनं गायकामागोमाग सूर धरावा, बेसनं खाली सा-म ठेवावा, बस.

आपल्या अंबाजोगाईला संगीताचे जाणकार कान आहेत. तिथे चुकीचा पंचम खपत नाही आणि खपू नये. भीमपलास, भैरवी, मालकंस, यमन, एवढ्या चार रागांचे चालणारे आणि वर्ज्य सूर दोघांनीही वहीत लिहून ठेवा. सुगम संगीतातला आणि भक्तिगीतांतला मोठा भाग एवढ्यात येतो.

मींडेचंही ठरवून घ्या. गायकानं हरकत घेतली आणि कीबोर्डवाल्यानं व्हील फिरवून तिच्यामागे मींड घेतली, तर त्या वेळी बेसनं एका सुरावर स्थिर राहायचं. बेसची मींड असेल तर कीबोर्डनं स्थिर राहायचं. दोघंही एकदम घसरले तर ऐकणाऱ्याला सूर सुटल्यासारखं वाटतं.

डग्ग्याशी सोयरीक ठेवा

केहरवा घ्या: धा गे ना ति, न क धि न. पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर डग्ग्याची आस आहे. चौथ्या, पाचव्या, सहाव्याला ती नाही, तिथे तबला कोरडा वाजतो. बेसवाल्या, पहिल्या मात्रेवर डग्ग्याबरोबर सा दे, आणि चौथी यायच्या आत बोट सैल सोडून तो सूर तोड. तीन मात्रा खाली मोकळं राहू दे. मग सातवीला पुन्हा ये. त्या मोकळ्या तीन मात्रांत कीबोर्डवाल्यानं आपली छोटी जागा भरावी, एखादी सनईची तान, एखादा संतूरचा झणकार. कुणाला आवाज वाढवावा लागत नाही आणि सगळं ऐकू येतं.

बेसवाल्याची खरी कसोटी हीच की सूर सुरू कधी केला याच्याइतकंच तो बंद कधी केला हे महत्त्वाचं. नवा वादक सूर देतो आणि पुढच्या सुरापर्यंत तो तसाच वाहू देतो. त्यामुळे खाली सतत पाणी साचल्यासारखं राहतं आणि डग्ग्याचे बोल बुडतात. डाव्या हाताची बोटं तारेवरून न उचलता नुसती सैल सोडायची सवय लावा. सूर कापला जातो आणि तार खडखडत नाही.

आपल्या भजनी मंडळांत हे शहाणपण आधीपासून आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून धूम खोल करतात, आणि मग पेटीवाला डावीकडच्या पट्ट्यांवर फारसा जात नाही. कपिलधारच्या यात्रेत, एखाद्या गडावरच्या सप्ताहात मन लावून ऐका. पखवाज खाली, पेटी मध्ये, टाळ वर, आणि बुवांचा शब्द सगळ्यांतून स्वच्छ. तिथे मिक्सरवर कोणी जागा वाटून दिलेली नसते, वादकांनी ती स्वतःच वाटून घेतलेली असते.

कीबोर्डलाच बेस धरावा लागला तर

लहान सुपारीत बेसवाला नसतो, तेव्हा डावा हात हाच बेस. त्याची लाज नाही. १९६५ साली लॉस एंजेलिसमध्ये 'द डोअर्स' नावाचा बँड निघाला. त्यात मंचावर बेस गिटारवाला नव्हता. रे मॅन्झारेक डाव्या हातानं फेंडर र्‍होड्स पियानो बेस नावाचं छोटं वाद्य वाजवायचा आणि उजव्या हातानं ऑर्गन. त्या पियानो बेसला पट्ट्या फक्त ३२. त्याचा डावा हात एकच छोटी चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहायचा, म्हणून उजवा हात मोकळा फिरू शकला. रेकॉर्डिंगच्या वेळी मात्र काही गाण्यांना त्यांनी बाहेरचा बेसवाला बोलावून घेतला.

यातून घ्यायचं ते हे. डाव्या हाताला बेसचा वेगळा आवाज लावा. स्प्लिट करा, पियानोच्याच आवाजात बेस वाजवू नका. चाल सोपी ठेवा, एका वेळी एकच सूर. आणि उजवा हात अवघड जागी गेला की डाव्यानं गप्प बसलं तरी चालतं. ढोलकी तेवढा वेळ सांभाळून घेते.

दोन्ही वाद्यं एकाच माणसाला येणं ही मोठी शिदोरी आहे. मुंबईचे चरणजित सिंग हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये बेस गिटारही वाजवत आणि कीबोर्डही. १९८२ साली त्यांनी 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. बेसवाल्याच्या जागी वाजावं म्हणूनच रोलंड कंपनीनं टीबी-३०३ हे यंत्र बनवलं होतं. त्यावर त्यांनी खालची चाल बांधली आणि वर ज्युपिटर-८ सिंथेसायझरवर राग वाजवला. खालची चाल खाली फिरते, राग वर चालतो. दोन्ही हातांचा स्वभाव ज्याला कळतो, तो दोघांना एकमेकांच्या वाटेत येऊ देत नाही. म्हणून कीबोर्डवाल्यानं चार महिने बेस हातात घ्यावी आणि बेसवाल्यानं चार महिने पेटी काढावी. जोडीदाराची अडचण बोटांना कळली की वाद आपोआप कमी होतात.

मैदान, मंडप आणि पत्रा

४१ हर्ट्झच्या एका लाटेची लांबी सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे २८ फूट. तुम्ही स्पीकरजवळ उभे असता, म्हणून तुम्हाला जे ऐकू येतं ते दहाव्या रांगेत तसं नसतं. आवाज जुळवताना एकानं वाजवत राहावं आणि दुसऱ्यानं खाली उतरून मागपर्यंत चालत जावं. मग जागा बदलावी. साउंडवाल्याच्या भरवशावर सगळं सोडू नका. त्याला तुमच्या गाण्याची वाटणी माहीत नसते.

उघड्या मैदानात खर्ज चारी दिशांना निघून जातो. बेस पोकळ वाटला तरी लगेच वाढवू नका, साउंडवाल्याला खालचे बेसचे डबे शेजारी शेजारी एकत्र ठेवायला सांगा. चार डबे चार कोपऱ्यांत विखुरण्यापेक्षा एकत्र ठेवलेले जास्त जोर देतात. पत्र्याच्या मंगल कार्यालयात उलटं होतं. तिथे कोपऱ्यांत खर्ज साचतो, पत्रा थरथरतो आणि प्रत्येक सुराला शेपूट फुटतं. तिथे डबे कोपऱ्यातून ओढून पुढे घ्या. बेसवाल्यानं सूर निम्मे करावेत आणि कीबोर्डवाल्यानं पॅड बाजूला ठेवून पियानो किंवा संतूरसारखे लवकर विरणारे आवाज घ्यावेत.

मिक्सरवर तीन गोष्टी करून घ्या. कीबोर्डच्या चॅनेलला लो-कटचं बटण असेल तर दाबा, नसेल तर लोची चक्री घड्याळाच्या उलट फिरवून कमी करा. २०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास गाळ असतो. मिडची चक्री त्या जागी नेऊन कीबोर्डला थोडं कापा. आणि बेस नीट ऐकू येत नसेल तर लो वाढवायच्या आधी ७०० ते १००० च्या आसपास थोडं वाढवून बघा. बोटाचा ठोका पुढे येतो आणि बेस ओळखू येते. मंचावरचा बेसचा अँप जमिनीवर पायाशी ठेवू नका. खुर्चीवर, कानाच्या दिशेला ठेवा. बेसवाल्याला स्वतःचं नीट ऐकू आलं की त्याचा हात आपोआप हलका होतो.

मोबाईलवरची एक चाचणी सांगतो. तालीम मोबाईलवर रेकॉर्ड करून मोबाईलच्याच स्पीकरवर ऐका. तो बारकासा स्पीकर ४१ चा सूर काढूच शकत नाही. पण बेसच्या सुरात ८२, १२३ आणि त्याहूनही वरचे अंश असतात. त्यांतल्या वरच्यांवरून कान मूळ सूर ओळखतो. मोबाईलवर बेसची चाल गुणगुणता आली तर वाटणी बरोबर बसली आहे. ती हरवली असेल तर कीबोर्डचा डावा हात त्या अंशांवर बसला आहे. आता कार्यक्रम जेवढे मैदानात ऐकले जातात तेवढेच नंतर मोबाईलवर पाहिले जातात, म्हणून ही चाचणी चुकवू नका.

तालीम पावसाळ्यात, वही बारमाही

आपल्या जिल्ह्याचं वर्ष उसाच्या फडावर चालतं. दसरा झाला की ऊसतोडीला कोयते निघतात, पाडव्याच्या आसपास माणसं गावाला परततात, आणि मग लग्नं, जत्रा, जयंत्या एकाच वेळी अंगावर येतात. एप्रिल-मे मध्ये रोज सुपारी असते, तेव्हा तालीम होत नाही. त्यात रात्री १० ला आवाज बंद करायचा नियम, त्यामुळे मंचावर आवाज जुळवायला वेळ मिळत नाही. वाटणी आधीच ठरलेली नसेल तर ती लोकांपुढे ठरते, आणि लोकांपुढे ठरलेली वाटणी भांडणाचीच असते.

म्हणून पावसाळ्यात बसा. दोघं आणि गायक, तिघंच. पहिल्या फेरीत फक्त बेस आणि गायक. चाल एवढ्यावर उभी राहते का पाहा. दुसऱ्या फेरीत फक्त कीबोर्डचा उजवा हात आणि गायक. गाण्याचा रंग त्यात आला पाहिजे. तिसऱ्या फेरीत दोघं एकत्र, आणि आता प्रत्येकानं आपलं एक तरी वाक्य कमी करायचं. काय गाळलं ते वहीत लिहा. प्रत्येक गाण्याला चार ओळी पुरतात: पट्टी कोणती, खर्ज कोणाचा, मधल्या संगीतात खाली कोण, आणि शेवटी थांबायचं कसं.

हिंदी चित्रपटांच्या वादकमेळ्यात हे काम अरेंजर करायचा. सेबॅस्टियन डिसोझांसारखे गोव्याचे जाणते कागदावर प्रत्येकाची जागा लिहून द्यायचे, म्हणून साठ-सत्तर वादक असूनही लताबाईंचा एक श्वासही झाकला जात नसे. आपल्या पार्टीत अरेंजर नाही. तो तुम्ही दोघांनीच व्हायचं.

नियम कधी मोडायचा

मोडायचा, पण दोघांनी मिळून. एखाद्या गाण्याच्या शेवटच्या कडव्याला जोर हवा असेल तर बेस आणि कीबोर्डचा डावा हात दोघांनी एकच चाल, त्याच सुरांत, एकाच वेळी वाजवावी. एक सूरही इकडेतिकडे होता कामा नये. तेव्हा मैदान उठतं. पण दोन कडव्यांत तसं केलं तर पहिल्याचा जोर गेला. कार्यक्रमात एकदा, फार तर दोनदा, एवढंच.

आणि कधी बेसनं पूर्ण थांबून बघावं. पहिलं कडवं नुसत्या कीबोर्डवर जाऊ द्यावं, दुसऱ्याला पहिल्या मात्रेवर बेसनं यावं. लोकांना बेस म्हणजे काय ते माहीत नसतं, पण ती आल्यावर सगळे सावरून बसतात. तुझं मोल तू किती वाजवलंस यावर नाही ठरत, बाबा. तू आल्यानं गाण्याला पाय फुटले की नाही, यावर ठरतं.

कार्यक्रम संपल्यावर सामान भरताना एकमेकांना एकच प्रश्न विचारा: आज कोणत्या गाण्यात शब्द दबला? उत्तर मिळालं की त्या गाण्याची वहीतली ओळ दुरुस्त करा, आणि पुढच्या सुपारीला ती वाचूनच मंचावर चढा.